चेण्याच्या वळणावरचं अर्धं गाणं

उत्तनमध्ये कुणाला विमानतळावर जायचं असलं की रॉबर्टचा फोन वाजायचा. कुवेतला जाणारे, मस्कतला जाणारे, बोटीवर चढणारे, सगळ्यांना रॉबर्ट घोन्सालविसच्या पांढऱ्या इंडिकानंच सहारला सोडलेलं. गाडीत बसायच्या आधी तो तीन प्रश्न विचारायचा. पासपोर्ट घेतला? तिकीट घेतलं? आईच्या पाया पडलास? तिसऱ्या प्रश्नाला कुणीतरी हटकून मागे पळायचं. मग उशीर झाला तरी रॉबर्ट हॉर्न वाजवत नसे.

मूळचा तो माणूस समुद्रावरचा. चौतिसाव्या वर्षापर्यंत बापाच्या होडीवर होता. उजव्या कानाचा पडदा लहानपणीच फाटलेला, तो पुढे पुढे वाहायला लागला. डॉक्टर म्हणाले, पाणी आणि इंजिनचा आवाज, दोन्ही सोडा. होडी भावांकडे गेली आणि रॉबर्ट गाडी शिकला. आधी भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखानदाराकडे ड्रायव्हर होता, मग स्वतःची इंडिका घेतली. उजवा कान कामातून गेला होता, पण डाव्यानं गाडीचं सगळं ऐकू यायचं. बेअरिंगचा आवाज तर गॅरेजवाल्याच्या आधी त्याला कळायचा.

त्याचा मुलगा कॉलिन. दोन हजार सहा साली बोटीवर लागला, त्यालाही बापानंच सहारला सोडलं. प्रवाशांची मोठी बोट, कॉलिन तिथं लाँड्रीत होता. दोन कॉन्ट्रॅक्ट धड पार पडली. तिसऱ्यात, दोन हजार आठच्या फेब्रुवारीत, बोट कुठल्याशा परदेशी बंदराला लागली असताना सुट्टीच्या दिवशी त्यानं भाड्यानं मोटारसायकल घेतली आणि एका वळणावर ती ट्रकखाली गेली. सव्वीस वर्षांचा होता.

एकोणीस दिवसांनी पेटी आली. ती आणायला कंपनीनं अँब्युलन्स दिली होती, तरी रॉबर्ट स्वतःची इंडिका घेऊन मागून गेला. रिकामी गाडी कशाला नेतोस, असं भावानं विचारलं. सहारचा रस्ता होता, आणि त्या रस्त्यानं तो स्वतः गाडी चालवतच जायचा, इतकंच.

दफनाच्या दिवशी त्याला रडू आलं नाही. लोक खांद्यावर हात ठेवत होते आणि तो त्यांना ओळखून नावानिशी 'ये', 'बस' म्हणत होता. चर्चच्या आवारात गाड्या वाकड्या लागल्या होत्या, त्याकडे त्याचं लक्ष जात होतं. पॅट्रिशिया, त्याची बायको, तीन दिवस रडली आणि चौथ्या दिवशी उठून बोंबील वाळत घालायला गेली. रॉबर्टनं आठव्या दिवशी एअरपोर्टची ट्रिप घेतली. लोक म्हणाले, खंबीर आहे. तो खंबीर वगैरे काही नव्हता. पाय झोपला की आपण त्यावर उभे राहतो पण तो आपला वाटत नाही, तसं त्याला सगळ्या अंगभर झालं होतं.

एप्रिलमध्ये कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसातून फोन आला की सामान घेऊन जा. एक खोका होता. त्यात बूट, एक जाकीट, इस्त्री केलेले दोन शर्ट, दाढीचं सामान, आजीनं दिलेली रोझरीची माळ, आणि रुमालात चार्जर-इअरफोनसकट गुंडाळलेला एक म्युझिक प्लेअर. पत्त्यांच्या कॅटाएवढा, पांढरा, मागून आरशासारखा चकचकीत. मागच्या बाजूला ओरखडे होते. रॉबर्टनं तो यादीवर सही करताना पहिल्यांदा पाहिला. कॉलिननं तो बोटीवर असतानाच घेतला असणार.

पॅट्रिशियानं खोका उघडूच दिला नाही. "मना नको दाखवू. ठेव वर," म्हणाली. रॉबर्टनं खोका कपाटावर ठेवला आणि प्लेअर तेवढा काढून खिशात ठेवला.

मेगन, कॉलिनची धाकटी बहीण, मीरा रोडच्या एका कॉल सेंटरमध्ये कामाला होती. तिनं परदेशी पिनेचा चार्जर चालावा म्हणून बाजारातून जोड आणून दिला. प्लेअर उजळला. ती बिछान्यावर बसून इअरफोन लावून एक गाणं ऐकत राहिली. मग इअरफोन काढले, वायर नीट गुंडाळली आणि प्लेअर बापाच्या हातात दिला.

"किती गाणी हायेत?" रॉबर्टनं विचारलं.

"अकराशे चाळीस."

"तू कुठलं ऐकलंस?"

"पहिलं लागलं ते. डॅडी, मला परत देऊ नकोस हा." दाराशी जाऊन ती थांबली. "आणि कुणाच्या कॉम्प्युटरला लावू नकोस. माझ्या ऑफिसमधला एकजण सांगत होता, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावलं की सगळं पुसलं जातं."

रॉबर्टनं मान हलवली. त्याच्याकडे कुठला कॉम्प्युटर होता?

इअरफोन त्यानंही लावून पाहिला, डाव्या कानात. पण एका कानाचं ते ऐकणं डबीत कोंडलेल्या माशीसारखं होतं. शिवाय कॉलिनचं गाणं ऐकायची त्याची जागा ठरलेली होती, ती म्हणजे गाडी. कॉलिन घरी असला की पुढच्या सीटवर बसायचा, बसल्या बसल्या आवाज वाढवायचा, आणि रॉबर्ट हात पुढे करून तो कमी करायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं. "डॅडी, तुम्हाला एकच कान आहे, तोही तुम्ही वापरत नाही," असं तो एकदा हसत म्हणाला होता. थट्टेत कॉलिन बापाला अहोजाहो करायचा.

तर रॉबर्टनं ठरवलं की हा प्लेअर गाडीला जोडायचा.

गाडीत कॅसेटचा टेप होता, रेडिओसकट. कॉलिननंच बोटीवर जायच्या आधी मागे दोन स्पीकर टाकून बसवलेला. टेपला पुढून काही खुपसायला भोक नव्हतं. भाईंदर स्टेशनजवळच्या एका दुकानदारानं त्याला कॅसेटच्याच आकाराची एक वस्तू दिली, तिला वायर होती. कॅसेट टेपमध्ये घालायची, वायर प्लेअरला लावायची, गाणं स्पीकरमधून येणार. रॉबर्टनं तिथेच गाडीत बसून घातली. टेपनं ती गिळली, आत चाकं फिरल्याचा कर्रकर्र आवाज आला, आणि मिनिटभरात टेपनं ती बाहेर ढकलली. परत घातली. परत बाहेर. त्यानं वायर वरून घेतली, खालून घेतली, कॅसेट उलटी केली. टेपला बहुतेक वाटत होतं की कॅसेट संपली.

दुकानदार म्हणाला, "टेप पुराना है, अंकल. हेड साफ करवाओ."

रॉबर्टनं हेड साफ केलं. कापूस, स्पिरिट, सगळं स्वतः. दोन दिवसांनी कॅसेट आत राहिली, पण गाणं फक्त डावीकडच्या स्पीकरमधून आलं, आणि तेही पाण्याखालून आल्यासारखं. मुर्धा गावच्या गतिरोधकावर गाडी आपटली आणि कॅसेट उडून बाहेर आली. त्यानं ती गाडीच्या कप्प्यात टाकली. राग आला नाही. राग यायला हवा, असं त्याला वाटलं, आणि त्यानं थोडा वेळ वाटही पाहिली.

मग कुणीतरी काशीमिऱ्याच्या शिवाचं नाव सांगितलं. हायवेला लागून त्याचं दुकान, गाड्यांच्या सीट कव्हरपासून हॉर्नपर्यंत सगळं. शिवा चाळिशीचा, पोट सुटलेला, बोलका माणूस. त्यानं प्लेअर हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"बढिया चीज है. बेटे ने भेजा?"

"हां," रॉबर्ट म्हणाला. पुढचं सांगणं सुरू करायला तोंडच उघडलं नाही.

शिवानं त्याला अंगठ्याएवढी एक डबी दिली. ती प्लेअरला लावायची आणि गाडीच्या रेडिओवर ठरलेला आकडा धरायचा. डबी म्हणजे छोटं रेडिओ स्टेशनच. आकडे चारच होते. दुकानापुढे लावून पाहिलं तर चौथ्या आकड्यावर खरोखर गाणं आलं. शिवानं टाळी वाजवली. पण हायवेला गाडी लागली आणि कुठल्याशा स्टेशनवरची बाई हसत हसत ट्रॅफिकची माहिती सांगायला लागली. रॉबर्टनं आकडा बदलला. तिथं दागिन्यांची जाहिरात. तिसऱ्यावर नुसती खरखर, आणि खरखरीच्या मागं कुणीतरी गातंय असा भास.

पुढचे पंधरा दिवस त्याचं हेच चाललं. रिकामी गाडी परत आणताना एक हात रेडिओच्या बटणावर. मीरा रोडला इमारतींच्या मध्ये दोन सेकंद गाणं यायचं आणि सिग्नल सुटला की जायचं. गोल्डन नेस्टच्या चौकात उभं राहिलं की बरं ऐकू यायचं, पण तिथं मागचे रिक्षावाले उभं राहू देत नसत. मिठागरांच्या रस्त्यावर एकही इमारत नाही, म्हणून त्याला आशा होती, पण तिथं तर मुंबईची सगळी स्टेशनं मोकळ्या वाऱ्यासारखी येत होती.

पॅट्रिशिया एकदा त्याच्याबरोबर भाईंदरला आली, बाजाराला. रॉबर्ट बटण फिरवत होता. ती खिडकीबाहेर बघत होती.

"काय लावतंस इतकं?" तिनं विचारलं.

"कॉलिनचं हाय."

रेडिओवर एका साबणाची जाहिरात लागली. ती दोघांनी शेवटपर्यंत ऐकली, जणू तीच ऐकायची होती. मग पॅट्रिशिया म्हणाली, "बंद कर. डोकं दुखतं."

मे महिन्यात एक ठाण्याचं भाडं आलं. माणसाला सोडून रॉबर्ट घोडबंदर रस्त्यानं परतत होता. दुपारचे तीन वाजले असतील. चेणे गावाच्या अलीकडे रस्ता डोंगराला वळसा घालतो, आणि तिथं, रेडिओवरची बाई बोलता बोलता विरून गेली. खरखरही गेली. आणि गाणं आलं. स्वच्छ, चारही स्पीकरमधून.

रॉबर्टनं गाडी कडेला घेतली.

गिटार होती. एक बाई गात होती, पण इंग्लिश नव्हतं ते, दुसरीच कुठली तरी भाषा, शब्द गोल गोल, एकमेकांना चिकटलेले. फार वरच्या पट्टीत नाही. घरात काम करताना गुणगुणावं तसं. मध्येच मागून एक पुरुष काहीतरी बोलला आणि बाई गाता गाता हसली, आणि परत गायला लागली. रॉबर्ट स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होता. कॉलिन हे कुठल्या वेळी ऐकत असेल, लाँड्रीत चादरी घडी करताना, का झोपताना, असा त्यानं विचार करून पाहिला, पण चित्र उभं राहिलं नाही. त्याला लाँड्री माहीत नव्हती. ज्या भाषेत बाई गात होती ती माहीत नव्हती. आपल्या मुलाला ती कळत होती का, हेही माहीत नव्हतं.

एवढ्यात मागून एक ट्रेलर घसघसत आला, कडेला उभ्या गाडीवर जोरात हॉर्न मारत गेला. रॉबर्ट दचकला, पाय क्लचवरून सुटला, गाडीनं हिसका दिला आणि बंद पडली. रेडिओही बंद. परत सुरू केलं तेव्हा प्लेअर दुसऱ्याच गाण्यावर गेला होता, धडाधड वाजणाऱ्या. आधीचं गाणं कुठलं हे त्याला त्या छोट्या पडद्यावर शोधता येईना. अकराशे चाळीस नावं, सगळी इंग्लिश अक्षरांत. वीसेक नावं चाळून त्यानं सोडून दिलं. पण निदान एक कळलं होतं की आत जे आहे ते असं ऐकू येऊ शकतं. त्यानं ठरवलं, टेप बदलायचा. कॉलिननं बसवलेला होता म्हणून इतके दिवस तो त्याला हात लावू देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो शिवाकडे गेला.

"अब आए ना लाइन पे," शिवा नवा टेप पुढे करत म्हणाला. "इसमें सामने पिन है, देखो. सीधा वायर लगाओ, कोई रेडिओ-फेडिओ का झंझट नहीं."

जुना टेप काढायला अर्धा तास लागला. मागच्या वायरींना कॉलिननं चिकटपट्टी लावून त्यावर बॉलपेननं लिहून ठेवलं होतं, डावा, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. शिवानं ते बघून म्हटलं, "जिसने भी किया, साफ काम किया है." रॉबर्ट म्हणाला, "हां."

नवा टेप बसला. आता लावून बघायचं म्हटलं तर प्लेअर सुरूच होईना. आदल्या दिवशी चेण्यावरून आल्यावर रॉबर्टनं तो बंद केला नव्हता, बॅटरी उतरली होती.

"चार्ज पे लगाता हूं. पंधरा मिनट. आप चाय पियो," शिवा म्हणाला आणि प्लेअर आत घेऊन गेला.

रॉबर्ट टपरीवर चहा प्यायला. समोर हायवेवरून गाड्या जात होत्या. एकीत लग्नाची माणसं होती. त्यानं चहा संपवला, ग्लास ठेवला, आणखी एक घेतला. 'चार्ज' म्हणजे भिंतीतला प्लग, हेच त्याच्या डोक्यात होतं. मेगनचं बोलणं त्याला आठवलं नाही असं नाही, पण त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे त्याला तेव्हा सुचलं नाही.

परत आला तेव्हा शिवा आनंदात होता. गाडीत गाणं वाजत होतं, इतकं मोठ्यानं की दरवाजे थरथरत होते. हिंदी गाणं, लग्नाच्या वरातीत वाजतं तसलं.

"सुनो, सुनो! क्या साउंड है!"

"ये कौन सा गाना है?" रॉबर्टनं विचारलं.

"कॉम्प्युटर पे लगाया ना चार्ज के लिए, तो पूछा उसने कुछ, मैंने यस किया. देखा तो खाली हो गया था. मैंने बोला अंकल को खाली डिब्बा क्या देना. साढे तीन सौ गाने डाल दिए. नए भी हैं, पुराने भी हैं. पैसा नहीं लूंगा उसका."

रॉबर्टनं आत वाकून प्लेअर हातात घेतला. गरम झाला होता. मागचे ओरखडे तसेच होते.

"पहले के गाने?"

"वो तो गए. आपके बेटे के पास होंगे ना कॉम्प्युटर में. बोलो उसको, फिर डाल देगा."

शिवाच्या कपाळावर घाम होता, त्यानं मन लावून काम केलं होतं. ह्या माणसाला आता सांगायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, बोट, बंदर, मोटारसायकल, पेटी. मग तो दुकानाच्या पायरीवर बसेल, माफी मागेल, कदाचित रडेलसुद्धा. आणि रॉबर्टला त्याला 'जाऊ दे' म्हणावं लागेल. तेवढं बळ त्याच्यात नव्हतं.

"ठीक है," तो म्हणाला. कामाचे पैसे दिले आणि निघाला.

गाणी वाजत होती. ती बंद करायला हात पुढे जात नव्हता, आणि आवाज कमी करायलाही नाही. भाईंदर गेलं, मुर्धा गेलं, राई गेलं. मुर्धा गावच्या गतिरोधकावर गाडी आपटली तरी आवाज तुटला नाही. जोडणी अगदी पक्की झाली होती.

घरी पॅट्रिशिया ओट्याशी सुरमई कापत होती. मेगन अजून कामावरून यायची होती. रॉबर्ट खुर्चीत बसला आणि त्यानं सांगून टाकलं, जसं घडलं तसं, कमीजास्त न करता. पॅट्रिशियाचा कोयता थांबला. ती मागे वळली नाही.

"सगळी?"

"सगळी."

"तू त्याला काय बोललास?"

"काय न्हाय."

मग तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि त्याच्यासमोर स्टुलावर येऊन बसली. फेब्रुवारीपासून ती अशी त्याच्यासमोर बसली नव्हती.

"तू एक तरी ऐकलंस का न्हाय?"

"अर्धं."

"कसं होतं?"

रॉबर्टनं सांगितलं. गिटार, बाई, मागून बोललेला पुरुष, ती हसली ते. पॅट्रिशियानं विचारलं, कुठल्या भाषेत? माहीत न्हाय. दुःखाचं होतं का आनंदाचं? ते त्याला सांगता येईना. तिनं चाल म्हणून दाखव म्हटलं. रॉबर्टनं तोंड उघडलं. त्याच्या डोक्यात त्या वेळी फक्त शिवाचं वरातीचं गाणं घुमत होतं. त्यानं तोंड मिटलं.

"मी ऐकायला पायजे होतं त्या दिवशी," पॅट्रिशिया म्हणाली. "बंद कर बोलले मी."

"त्या दिवशी साबणाचं लागलेलं."

"तरी."

मग ती उठली आणि उरलेला मासा कापायला लागली. मेगन आल्यावर तिला जेवताना सांगितलं. ती रागावेल, ओरडेल, असं रॉबर्टला वाटलं होतं. ती फक्त बापाच्या ताटात आणखी एक तुकडी वाढून म्हणाली, "मी तुझ्याबरोबर यायला हवं होतं, डॅडी." तिनं जे एक गाणं ऐकलं होतं त्याचं नाव पाहिलं नव्हतं. बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

चारपाच दिवसांनी शिवाचा फोन आला. "अंकल, कैसा चल रहा है? साउंड ठीक?"

"एकदम ठीक," रॉबर्ट म्हणाला.

"और गाने चाहिए तो आ जाना."

"हां. आता हूं."

तो गेला नाही. प्लेअरही त्यानं पुसून-बिसून घेतला नाही, आतली गाणी तशीच राहू दिली. सहारला जाणाऱ्यांना ती आवडायची. जून लागायच्या आधी शेजारच्या चौक गावातल्या एका बाईला त्यानं सोडलं, दोहाला घरकामाला चालली होती ती, पहिल्यांदाच. तिनं रस्ताभर डोळे पुसले, आणि दहिसरच्या टोलनाक्याशी आल्यावर म्हणाली, "अंकल, जरा मोठा करा ना आवाज."

रॉबर्टनं मोठा केला.